जावईबापू बाहेर गेलेत

रविवार, १६ फेब्रुवारी

आज सकाळी गॅरेजचं दार अर्धं वर केलं, वाकून सायकल बाहेर काढली, फुटपाथपर्यंत नेली आणि तिथूनच परत फिरवून भिंतीला टेकवून ठेवली. कोणी अडवलं नव्हतं. हॅमिल्टनच्या कडेच्या रोटोटुना उपनगरातली आमची गल्ली अजून झोपलेली होती. टायरमध्ये हवा होती, बाटलीत पाणी होतं. फक्त स्वयंपाकघरात कप वाजला. म्हणजे आई उठल्या. म्हणजे मी चहा घेतल्याशिवाय त्या घेणार नाहीत.

कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथे लिहितो. आशालताबाई, म्हणजे सुचित्राच्या आई, दीड वर्षापूर्वी चिंचवडहून इकडे परदेशात आमच्याकडे आल्या. विसरणं तेव्हाच सुरू झालं होतं. आता सकाळ आणि संध्याकाळ, चिंचवड आणि हॅमिल्टन, सगळं एकमेकांत मिसळलंय. आमच्या सिद्धीला, सख्ख्या नातीला, ओळखत नाहीत. एक गोष्ट मात्र पक्की राहिली आहे. हे लेकीचं सासर आहे आणि समोर बसलेला माणूस जावई आहे. मी खोलीत आलो की त्या खुर्चीतून उठून उभ्या राहतात, गाउनवरची शाल सारखी करतात. माझं जेवण झाल्याशिवाय घास तोंडात घालत नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मला असंच उभं राहून वाढलं होतं. ती दिवाळी त्यांच्या लेखी अजून संपलेली नाही.

अंघोळ, कपडे, बाथरूम यासाठी मात्र मी जवळ गेलेला चालत नाही. जावयासमोर? लाजेनं लाल होतात, ढकलतात. ते सगळं सुचित्राचं काम. म्हणून मी घरूनच नोकरी करतो, वरच्या खोलीतून, आणि तीन वेळा खाली येऊन जेवतो. जेवायला मी हवा, बाकी सगळ्याला ती हवी. दिवसभर घर सोडणं दोघांनाही जमत नाही.

आज संकष्टी होती. शाळेत असल्यापासून धरतो. दुपारी ताटावर बसलो, वरणभात खाल्ला, मग त्या जेवल्या. गणपतीची क्षमा मागितली. चंद्र उगवला तेव्हा त्याच्याकडे बघायची लाज वाटली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ग्रॅहमने आज मीटिंग संपल्यावर विचारलं, "मग, गेलास का रेल ट्रेलला?" ग्रॅहम आमच्या दूध कारखान्याच्या यंत्रणा बघतो, मी त्या यंत्रणांचं सॉफ्टवेअर. ही सायकल त्याचीच जुनी. त्याने नवीन घेतली आणि ही मला दिली.

हौराकीच्या बाजूला जुनी रेल्वे होती. रूळ काढले, आता त्या वाटेवर माणसं सायकली चालवतात. थेम्स नावाच्या गावाहून निघायचं, पायरोआ, मग नदीकाठची घळ, मग वायही. पूर्ण एक दिवस. घळीत एक बोगदा आहे, किलोमीटरभर लांब. आत दिवे आहेत, पण मंद. ग्रॅहम म्हणतो, आत गेल्यावर मधे असा एक क्षण येतो की दोन्ही तोंडं सारखीच लांब वाटतात.

मला हे करायचंय. का, ते नीट सांगता येत नाही. शेंदुर्णीच्या अलीकडचं आमचं गाव, आणि पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी गाडी आमच्या शेताला चिकटून जायची. आम्ही तिला पीजे म्हणायचो. शाळेला जायची आमची वाट म्हणजे तिचा रूळच. स्लीपरवर पाय टाकत जायचं, गाडीची शिट्टी आली की खाली उतरायचं. टाळेबंदीत ती गाडी थांबली ती थांबलीच. रुळावरून चालताना पुढे काय आहे हे माहीत असायचं आणि तरी पाऊल पुढे टाकावंसं वाटायचं. तसं मला बऱ्याच दिवसांत वाटलेलं नाही.

सुचित्राला नकाशा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. बोटाने घळीतली वाट पुन्हा पुन्हा फिरवली. "चढ आहे का रे यात?" म्हणाली. आईसमोर 'अहो' म्हणते, एरवी 'अरे शिवा'. म्हटलं, फारसा नाही, रेल्वेला चढ चालत नाही. तिला काळजी वाटत असणार माझी.

शनिवार, १ मार्च

हेल्मेट आणि पिवळं चमकतं जॅकेट आलं. इथे हेल्मेटशिवाय सायकल चालवणं कायद्याने बंद आहे. दोन्ही अंगावर चढवून आरशात बघायला बाहेर आलो तर हॉलमध्ये आई. उठून उभ्या राहतील म्हणून मी थबकलो. त्या उठल्या नाहीत. मला वर-खाली बघितलं आणि म्हणाल्या, "आलास का बाबा? आज नाही पडले मी. आप चाय लेंगे?"

मागच्या हिवाळ्यात त्या बाथरूममध्ये पडल्या तेव्हा अँब्युलन्समधून पिवळ्या जॅकेटातला एक उंच मुलगा आला होता. अलगद उचललं होतं त्याने. नंतर आठवडाभर त्याचंच कौतुक चाललं होतं.

सुचित्रा ओट्यापाशी इतकी हसली की तिला बसावं लागलं. "घे, तुझी बढती झाली. जावयाचा अँब्युलन्सवाला."

मला मात्र थोडं वाईट वाटलं. हेल्मेट काढलं. लगेच त्या उठून उभ्या राहिल्या.

गुरुवार, ६ मार्च

सायकलची सीट खाली घसरते आहे. तिसऱ्यांदा वर केली. तिला आवळून धरणारा क्लँप ढिला असावा. सीट गेली तर बोगद्यात काय करणार? नवीन क्लँप मागवला. हेल्मेटचा पट्टाही आपोआप आवळला जातो, प्रत्येक वेळी सैल करावा लागतो. स्वस्तातलं घेतलं ना.

संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना शेजारचे कॉलिन म्हणाले, "तुझी बायको हीप्स ऑफ लॅप्स मारते, मेट! गुड ऑन हर." म्हणजे ढीगभर फेऱ्या. सुचित्रा दुपारी आईंना चाकाच्या खुर्चीत बसवून गल्लीत फिरवते, त्याबद्दल बोलत असतील. मी थँक्स म्हटलं.

जेवताना आई म्हणाल्या, "ती पोरगी गोल गोल फिरते. पडेल एखाद्या दिवशी." कोणती पोरगी, विचारलं. "तीच, सायकलवाली." पुण्यात त्यांच्या लहानपणी मुली सायकलवर शाळेत जायच्या, ते आठवत असेल. सुचित्रा म्हणाली, "आई, भाजी घे." गुडघ्याला तिने पट्टी लावली आहे. ओट्याच्या ड्रॉवरचा कोपरा लागला म्हणाली. तो ड्रॉवर रविवारी बघायला हवा.

सोमवार, १७ मार्च

पुन्हा चतुर्थी, पुन्हा ताट.

सुचित्रा कालच म्हणाली होती, "एक दिवस सांगून टाक ना, मी जेवलो म्हणून. आईला काय कळणार?"

म्हटलं, कळतं. मागे तू सांगितलंस तेव्हा सिंकमध्ये माझं ताट शोधायला गेल्या होत्या. आणि अन्नाच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, हे मला माझ्या आईने शिकवलंय. भुकेला असलास तर भुकेला म्हण, जेवला असलास तर जेवलो म्हण.

"म्हणजे उपास मोडलेला देवाला चालतो, खोटं बोललेलं चालत नाही?"

ती रागावलेली नव्हती, थकलेली होती. मी म्हटलं, देवाला काय चालतं ते मला माहीत नाही, मला काय चालतं ते माहीत आहे. ती "हं" म्हणाली आणि आईंच्या चादरी बदलायला गेली. तिचं ते "हं" दिवसभर माझ्याबरोबर आहे.

सिद्धीचा फोन आला पामर्स्टन नॉर्थहून. तिथे ती जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते आहे. आपण मराठीत विचारायचं, ती इंग्रजीत उत्तर देणार. आज मात्र सुचित्रासाठी मुद्दाम मराठी बोलली, "बाबा, तुम्ही दोघं रेस्पिट केअर घ्या ना. इट्स अ थिंग." म्हणजे बाहेरचं कोणीतरी येऊन आईंना सांभाळणार आणि आम्हाला तेवढी सुट्टी. सुचित्रा म्हणाली, "आजीने परक्या बाईच्या हातून पाणी तरी घेतलंय का कधी?" सिद्धी म्हणाली, "हॅव यू आस्क्ड हर?"

रविवार, २३ मार्च

जाऊन आलो. म्हणजे गेलो नाहीच.

चारुदत्त, सुचित्राचा धाकटा भाऊ, पापाकुराहून येऊन दिवसभर थांबणार होता. आठवडाभर फोन चालले होते. "भावोजी, तुम्ही बिनधास्त जा. माझी आई आहे, मी भरवतो बघा कशी." सुचित्राने डबा बांधून दिला. गाडी गल्लीच्या बाहेर वळवताना ती मला आरशात दिसली. हात हलवत नव्हती, नुसती उभी होती.

वेळ कमी म्हणून थेम्स सोडलं आणि पायरोआहून निघालो. गावात लेमनेडची ती भली मोठी बाटली आहे, तिच्याजवळ गाडी लावली. मग सपाट वाट, दोन्ही बाजूंना गाई, नंतर डोंगर जवळ येतात आणि नदी खाली जाते. चाकाखालची खडी बारीक, पण खाली रेल्वेचा भराव आहे हे जाणवतं. वळण एकदम येत नाही, हळूहळू येतं. पीजेचं वळण असंच होतं. मी मोठ्याने स्तोत्र म्हणत होतो, वाटेत कोणी नव्हतं. समोरून एक म्हातारं जोडपं आलं, "किया ओरा" असा इथला नमस्कार म्हणालं, मीही म्हटलं आणि पुढची ओळ धरली.

पुलावरून नदी ओलांडली की समोर बोगद्याचं तोंड. गार वारा बाहेर येतो. मी उतरलो. आत दिव्यांची एक रांग जाताना दिसते आणि मग दिसत नाही. पायाखाली ओल. एक पाय आत टाकला आणि खिशात फोन वाजला.

"भावोजी, आई जेवत नाही हो. सकाळपासून काही नाही. दाराकडे बघत उभी आहे. बस म्हटलं तर म्हणते, जावईबापू अजून यायचेत. पाय सुजलेत तिचे. ताई पण काही बोलत नाही."

मी परत फिरलो. बोगद्यात आत गेलो असतो तर फोन लागला नसता, हे गाडी चालवताना सुचलं. सुचलं याचीच भीती वाटली.

घरी आलो तेव्हा आई खरंच उभ्या होत्या, दाराच्या चौकटीला धरून. मी हात धुऊन लगेच ताटावर बसलो. त्या जेवल्या. चारुदत्त म्हणाला, "कमाल आहे बाबा," आणि त्याला हायवेवर गर्दी व्हायच्या आत निघायचं होतं.

सोमवार, २४ मार्च

काही नाही. डबा तसाच होता. आज दुपारी तोच खाल्ला.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली ती डेकवर, बागेतल्या बांबूला. कडुलिंब नाही, म्हणून सुचित्राने मेथीची पूड गुळात कालवून दिली. आईंनी ती मात्र लगेच ओळखली, "कडू आहे" म्हणाल्या आणि हसल्या.

चारुदत्त आला होता. जेवणानंतर मी सिद्धीचा विषय काढला. आठवड्यातून एक दिवस कोणी मदतीला आलं तर? सरकारकडून मिळतं म्हणे.

"भावोजी, मी स्पष्ट बोलतो. आईला परक्यांच्या हातात द्यायचं? मंडळात लोक काय म्हणतील? मुलगा पापाकुराला बसलाय आणि आईला कोणी जेनी येऊन अंघोळ घालते?"

सुचित्रा भांडी पुसत होती. म्हणाली, "मग मुलगा येऊन घालेल का?"

"ताई, तू पण ना. मी कसा घालणार? मुलगा आहे मी."

"अंघोळीच्या वेळी मुलगा आणि लोकांसमोर पण मुलगा," असं काहीतरी ती म्हणाली आणि हातातलं पातेलं जोरात ठेवलं. मग सगळ्यांना श्रीखंड वाढलं. मी कोणाची बाजू घेतली नाही. चारुदत्त वाईट माणूस नाही. त्याने जाताना आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडला. आईंनी मला विचारलं, "हे कोण पाहुणे होते?"

नवीन क्लँप लावूनसुद्धा सीट खाली आलेली आहे. आता ग्रॅहमला विचारतो.

मंगळवार, ८ एप्रिल

रविवारी घड्याळं तासभर मागे गेली. आता जेवणानंतर दुपार लवकर कलते. आज मीटिंगच्या मधे इंटरनेट गेलं म्हणून राउटर बघायला खाली आलो. घरात कोणी नव्हतं. गॅरेजचं दार उघडं होतं.

दारात, सावलीत, आई खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर चाळणी, फरसबी मोडत होत्या. आणि बाहेर सुचित्रा सायकल चालवत होती.

आमची गल्ली पुढे बंद आहे. तिथे गाड्या वळवायला गोल जागा आहे, त्या गोलात. ओढणी कंबरेला बांधलेली, डोक्यावर माझं हेल्मेट. एक फेरी, दुसरी फेरी. दर फेरीला आईंच्या समोरून जाताना ती एक हात सोडून हलवायची, आणि आई शेंग धरलेला हात वर करायच्या. मग ती गल्लीच्या तोंडाकडे यायची, जिथून मोठा रस्ता दिसतो. तिथे वेग कमी व्हायचा. एक पाय टेकायची, बघायची. आई नजरेआड होतील म्हणून हँडल वळवायची आणि परत गोलात जायची.

मी खिडकीच्या पडद्यामागे उभा राहिलो. इंटरनेट केव्हाच आलं असणार. मी वर गेलो नाही. ती चांगली चालवते. चिंचवडला ती कारखान्याच्या नोकरीवर सायकलने जायची, हे लग्नाआधी मला सांगितलं होतं तिने. मी ते ऐकलं होतं, नंतर कधी विचारलं नव्हतं.

सीट. पट्टा. गुडघा. मी क्लँप मागवला!

तिला काही बोललो नाही. रात्री जेवताना तिच्या सलवारीच्या काठाला चेनचं तेल दिसलं. ते आधीही होतं.

गुरुवार, १० एप्रिल

सुचित्रा औषधं आणायला गेली होती, अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात आईंचा आवाज आला, "सुची, सुची". बाथरूमपर्यंत पोचता आलं नव्हतं त्यांना. मी दारात गेलो तर दोन्ही हातांनी शाल घट्ट धरून भिंतीला चिकटल्या. "नाही, तुम्ही नाही, तुम्ही नका येऊ." रडकुंडीलाच आल्या. मी मागे सरलो. फरशी ओली होती, पाय घसरला असता त्यांचा.

गॅरेजमध्ये गेलो. जॅकेट घातलं. हेल्मेट घातलं, पट्टा आवळलेलाच होता, तसाच लावला. परत दारात येऊन म्हटलं, "चला आजी, हात द्या."

त्यांनी हात दिला.

बाकीचं लिहीत नाही. घरी आम्ही देवाला अंघोळ घालतो तेव्हा बोलत नाही, आणि नजर पायांवर ठेवतो. तसंच केलं. पाणी कोमट घेतलं. कपडे बदलले. त्यांना अवघडल्यासारखं अजिबात झालं नाही. मलाच हेल्मेटमध्ये घाम आला होता.

पलंगावर बसवल्यावर म्हणाल्या, "तुला मराठी येतं की रे."

"येतं."

"बरं झालं. मग ऐक. आमचे जावईबापू देवमाणूस आहेत हो. पण सारखे घरात. पुरुषमाणसानं इतकं घरात राहू नये. ते असले की मला पाय लांब करता येत नाहीत. दिवसभर टेकायची चोरी." इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. "कधी जाणारेत?"

"कुठे?"

"कुठेही. दोन तास का होईना."

म्हटलं, विचारतो त्यांना.

"आणि सुचीला सांग, गोल गोल नको फिरू म्हणावं. चक्कर येते बघणाऱ्याला. पुढे जा म्हणावं. मी काय पळून जाणारे?"

मग त्यांनी पाय पलंगावर घेतले, लांब केले आणि डोळे मिटले. दीड वर्षात मी त्यांना दिवसा आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. मला वाटायचं त्यांना झोपच येत नाही.

शनिवार, १२ एप्रिल

सायकलच्या दुकानात जाऊन आलो. एक हेल्मेट घेतलं, लहान मापाचं, निळं. गॅरेजमध्ये हँडलला अडकवून ठेवलं. सीट खाली केली, तिच्या मापाला, आणि क्लँप घट्ट पिळला.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी सुचित्रा गॅरेजमधून आली, हातात निळं हेल्मेट.

"हे कोणाचं?"

"तुझं."

"कधी कळलं?"

"मंगळवारी. इंटरनेट गेलं होतं."

"आणि तो क्लँप?"

"तो चांगला आहे. राहू दे."

ती हसायला लागली, मग पायरीवर बसली आणि हसणं बराच वेळ थांबलं नाही, आणि शेवटी ते हसणं नव्हतं. मी शेजारी बसलो. म्हणाली, "सांगणार होते. पण तू तो नकाशा इतका जपून घडी घालायचास."

म्हटलं, "बुधवारी रजा घेतो. तू जा."

"वेडा आहेस का? आणि आई?"

गुरुवारचं मी तिला सांगितलं नव्हतं. फरशी मी पुसली होती, कपडे मशीनमध्ये टाकले होते. आता सांगण्याऐवजी जॅकेट आणि हेल्मेट चढवलं आणि हॉलमध्ये गेलो. आई म्हणाल्या, "आलास?" आणि उठण्यासाठी हात पुढे केला. त्यांना धरून बाथरूमपर्यंत नेलं. सुचित्रा ओट्याला टेकून बघत होती. तोंडावर हात होता.

नंतर म्हणाली, "पण ती तुझी राइड आहे, शिवा."

"मी बोगद्याच्या तोंडापर्यंत जाऊन आलोय. पुढचं तू बघून ये आणि मला सांग."

"आणि जेवण? ठीक आहे, तू घरी असलास की जेवशीलच." मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून थांबली. "बुधवारी चतुर्थी आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"बघू."

बुधवार, १६ एप्रिल

सुचित्रा उजाडताच गेली. सायकल गाडीला मी बांधली, दोनदा ओढून बघितली. ती म्हणाली, "काही झालं तर फोन कर." मी म्हटलं, करणार नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली, थोडी थांबली, ब्रेकचे दिवे लागलेले दिसले. मग विझले आणि ती डावीकडे वळली.

सकाळी पूजा केली, हेल्मेट बाजूला ठेवून. गणपतीला सांगितलं, आज उपास मोडणार नाही. आज दुसरं काहीतरी मोडणार आहे, ते तूच बघून घे.

मग जॅकेट घातलं, हेल्मेट घातलं, आणि चहापासून अंघोळीपर्यंत सगळं मीच केलं. चहा त्यांनी माझी वाट न बघता घेतला. अँब्युलन्सवाल्याच्या आधी चहा घ्यायला हरकत नसते. अंघोळीला त्यांनी चिंचवडच्या शेजारणीची एक गोष्ट सांगितली, ती लिहिण्यासारखी नाही. जावयाला तर कधीच सांगितली नसती. मी इतका हसलो की हेल्मेट डोळ्यांवर आलं.

दुपारी वरणभात केला. एका ताटात कालवला आणि तो मागे लॉनवर साळुंक्यांना घातला. रिकामं, माखलेलं ताट सिंकमध्ये ठेवलं. माझी आई असती तर काय म्हणाली असती, याचा विचार करत थोडा वेळ नळापाशी उभा राहिलो. पोटात भूक होती, चांगली, जुनी, चतुर्थीची भूक.

आई टेबलाशी आल्या, पण बसल्या नाहीत. दाराकडे बघितलं.

"जावईबापू कुठेत?"

"बाहेर गेलेत."

"जेवून?"

"जेवून."

सिंकपर्यंत गेल्या. ताट बघितलं, बोटाने कड पुसून बघितली. "पानात काही टाकलं नाही. बरं झालं." मग आल्या, खुर्ची स्वतःच ओढली आणि बसल्या. "वाढ."

मी वाढलं. दोनदा भात घेतला त्यांनी. तूप मागितलं. त्यांनी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

जेवण झाल्यावर सोफ्यावर गेल्या, पाय वर घेतले, पसरले. म्हणाल्या, "कशानं गेलेत?"

"सायकलनं. जुन्या रेल्वेच्या वाटेनं."

"एकटेच?"

"एकटेच."

"येतील ना?"

"संध्याकाळी."

त्यांनी डोळे मिटले. "घाई नको म्हणावं."

आता त्या झोपल्यात. मी इथे टेबलाशी बसून लिहितोय. मघाशी फोनवर सुचित्राचा फोटो आला. बोगद्याचं पलीकडचं तोंड, आतून काढलेलं, हिरव्या उजेडाचा गोल आणि कोपऱ्यात निळ्या हेल्मेटची कड. खाली लिहिलंय, 'सगळं ठीक? निघू का परत?'

मी उत्तर लिहिलं: 'आई जेवल्या. झोपल्यात. म्हणाल्या, घाई नको.'

हेल्मेट अजून डोक्यावरच आहे. काढलं नाही.